हंडी, लगोरी आणि मोळी

2008 सालची दहीहंडी होऊन आठवडा उलटला असेल, तोच पुण्याच्या बालेवाडीतल्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात पुन्हा हंड्या टांगल्या गेल्या. थर लावायला या वेळी माणसं नव्हती. चीन, जपान, व्हिएतनाम आणि आशिया-पॅसिफिक भागातल्या इतर देशांतून अभियांत्रिकीची मुलं आपापले यंत्रमानव खोक्यांत भरून घेऊन आली होती, आणि उंचावरचं लोणी त्या यंत्रांनी काढून आणायचं होतं. स्पर्धेचं नाव एबीयू रोबोकॉन. त्या वर्षीच्या थीमचं नाव 'गोविंदा'. जिंकला चीनचा संघ.

मी पाथर्डी तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवतो. त्या स्पर्धेत मला सगळ्यांत मोठी वाटली ती हंडी. आपल्या गल्लीतला खेळ एका अख्ख्या खंडातल्या हुशार मुलांपुढे प्रश्न म्हणून ठेवला गेला होता. बीजिंगच्या, टोकियोच्या प्रयोगशाळांमध्ये मुलं महिनोन् महिने एकाच विचारात होती, की हंडीपर्यंत पोचायचं कसं आणि लोणी खाली आणायचं कसं. या स्पर्धांबद्दल लिहिणारे बहुतेक जण यंत्रांबद्दल लिहितात. मला प्रश्नांबद्दल लिहायचं आहे. प्रश्न कोण काढतं, कुठून काढतं, आणि तो कुणाच्या ओळखीचा असतो.

या प्रथेचं मूळ शोधत गेलं तर दोन शिक्षक भेटतात. पहिले अमेरिकेतल्या एमआयटीचे वुडी फ्लॉवर्स. 1970च्या दशकात यंत्ररचनेच्या वर्गात ते विद्यार्थ्यांना सटरफटर सामानाची एकसारखी पिशवी देत आणि एक काम सांगत. सगळ्यांचं सामान सारखं, काम सारखं. फरक पडायचा तो डोक्याचा. सत्राच्या शेवटी यंत्रं समोरासमोर उभी राहत आणि बघायला गर्दी लोटे. पुढे डीन केमेन यांच्याबरोबर त्यांनी शाळकरी मुलांसाठी 'फर्स्ट' ही स्पर्धा उभी केली. 1992 साली न्यू हॅम्पशरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत 28 संघांनी ती पहिल्यांदा खेळली. तिथल्या मैदानावर मक्याचे दाणे पसरले होते आणि त्या घसरत्या जमिनीवरून यंत्रांनी टेनिसचे चेंडू गोळा करायचे होते. मक्याच्या खळ्यावरून चाललेल्या माणसाला पाय कसा सटकतो ते माहीत असतं, त्यामुळे हा प्रश्न मला फार आवडतो.

दुसरे शिक्षक जपानचे मसाहिरो मोरी. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ते यंत्रमानवशास्त्र शिकवत. बुद्धविचाराचा त्यांचा अभ्यास होता आणि यंत्रमानव आणि बुद्ध यांच्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या वर्गात स्पर्धा सुरू केली. जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एनएचकेने, ती उचलून 1988 साली तिथल्या तांत्रिक महाविद्यालयांसाठी देशभर नेली. ही महाविद्यालयं म्हणजे आपल्याकडच्या डिप्लोमासारखी. मुलं पंधराव्या वर्षी येतात. पहिल्या वर्षीचा प्रश्न एका वाक्यात मावणारा होता: दोन मोठ्या कोरड्या सेलवर चालणारी गाडी बनवा, तिच्यावर एक माणूस बसवा आणि शर्यत लावा.

दोन मोठे सेल म्हणजे किती ताकद हे पाथर्डीच्या माणसाला सांगावं लागत नाही. रात्री लाइट आली की दारं धरायला निघणाऱ्या शेतकऱ्याच्या बॅटरीत तेच दोन सेल असायचे. चार-आठ दिवसांत त्यांचा उजेड पिवळा पडायचा. तेवढ्या ताकदीवर माणूस वाहून न्यायचा म्हटल्यावर मोटर कोणती हा प्रश्न मागे पडतो. घर्षण कुठे कमी करता येईल, वजन कुठे उतरवता येईल, चाकाचा व्यास किती ठेवावा, असे प्रश्न पुढे येतात. नववीच्या पुस्तकातलं कार्य आणि ऊर्जेचं प्रकरण मुलाला एका झटक्यात आपलं वाटायला लागतं. चांगला प्रश्न असा असतो.

स्पर्धा दूरचित्रवाणीच्या हातात गेली याचा एक मोठा परिणाम झाला, आणि माझ्या मते इथेच या प्रथेला तिचं खरं रूप आलं. अभियंत्यांच्या संस्थेने स्पर्धा भरवली असती तर प्रश्न अभियंत्यांना कळणारा राहिला असता. दूरचित्रवाणीला घरात बसलेली आजी आणि तिचा नातू यांना तीन मिनिटांच्या डावात कोण काय करतंय ते कळायला हवं होतं. म्हणून प्रश्नाला गोष्ट लागली. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने, म्हणजे एबीयूने, 2002 साली टोकियोत पहिली रोबोकॉन भरवली तेव्हा थीम होती फुजी पर्वताचं शिखर गाठण्याची. ती हो ची मिन्ह शहरातल्या विद्यार्थ्यांनी जिंकली आणि तेव्हापासून व्हिएतनामचा या स्पर्धेत दबदबा आहे. यजमान देशाने थीम द्यायची असा रिवाजच पडला. मग एकेका देशाने आपल्या घरातलं काढून दिलं. कोरियाने 2004 साली ताटातूट झालेल्या गुराख्याची आणि विणकर मुलीची लोककथा दिली. चीनने भिंत दिली. इजिप्तने 2010 साली पिरॅमिड बांधायला लावले. हाँगकाँगने एका बेटावरच्या जत्रेतले, मनोऱ्यावर रचलेले पाव दिले. मंगोलियाने 2019 साली आपल्या जुन्या घोडेस्वार डाकेची आठवण काढून चार पायांवर चालणारं यंत्र मागितलं. या यादीवर नजर टाकली की लक्षात येतं, एकाही देशाने दुसऱ्याच्या घरातली गोष्ट उसनी आणलेली नाही.

भारताची पाळी 2008 साली आली ती पुण्यात. दूरदर्शन आणि कोथरूडची एमआयटी यांनी मिळून ती भरवली. भारतातली राष्ट्रीय फेरीही कित्येक वर्षं बालेवाडीलाच होत असे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत रोबोकॉन हा शब्द रुळला. 2014 साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुन्हा पुण्याला आली. थीम होती आईबापांना वंदन. त्या वर्षीची राष्ट्रीय फेरी मी पाहिली. माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा पुण्यात शिकत होता, त्याने आग्रहाने नेलं.

त्या वर्षी प्रत्येक संघाचे दोन यंत्रमानव होते, एक पालक आणि एक मूल. पालकाला विद्यार्थी हातातल्या कंट्रोलरने चालवत. मूल आपलं आपण चालायचं. पालकाने मुलाला बागेत आणायचं, सीसॉवर बसवायचं, झोका द्यायचा, एकेका खांबावरून चालवायचं आणि शेवटी जंगलजिमच्या शिड्या चढायला सोडून द्यायचं. सगळं पूर्ण झालं की त्या संघाचं 'शाबास' झालं. मी बसलो होतो तिथून खालचं सगळं स्वच्छ दिसत होतं. एका संघाचा पालक मुलाला उचलून झोक्यापाशी आला. झोका थोडा हलत होता. पालकाच्या हातातल्या नळीत हवा भरल्याचा फुस्स आवाज आला, पकड ढिली झाली आणि मूल झोक्याच्या फळीवर अर्धं आत अर्धं बाहेर टेकलं. चालवणाऱ्या मुलीने घाई केली नाही. झोका तिच्या बाजूला यायची वाट पाहिली आणि तो आल्यावर पालकाच्या हाताने मुलाला बोटभर पुढे सरकवलं. मूल बसलं. गॅलरीत जो आरडाओरडा झाला तो मी फक्त कुस्तीच्या फडात ऐकला आहे. आजूबाजूला प्रत्येक संघाच्या मुलांचे एकसारखे टी-शर्ट, हातात पाने-पक्कड, सोल्डरचा वास, आणि एका कोपऱ्यात जळालेली मोटर बदलत बसलेली तीन-चार मुलं. त्यांतल्या कुणाचं जेवणाकडे लक्ष नव्हतं.

त्या विद्यार्थ्याने मला सामानाच्या गोष्टी सांगितल्या. गाडीच्या काचा पुसणाऱ्या वायपरची मोटर ही या मुलांची लाडकी. हळू फिरते पण जोर दणदणीत, आणि भंगारात मिळते. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सर्किटचे सुटे भाग, जुन्या बाजारातून बेअरिंग आणि गिअर, आणि काही मिळालंच नाही तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. नगरमधल्या किंवा त्याही पलीकडच्या मुलाला यातली एकेक वस्तू म्हणजे एसटीचा एक दिवस. नगरपासून पूर्वेला पन्नास-एक किलोमीटरवर असलेल्या आमच्या पाथर्डीसाठी तर रात्रीचा मुक्कामच. हा काळ ऑनलाइन मागवायची सोय सर्रास होण्याआधीचा.

यंत्र बनवण्याची ओढ मात्र आमच्याकडे पुण्याहून आलेली नाही. ज्वारीची काढणी झाली की आमच्या भागातली पोरं चिपाडाची बैलगाडी करायची. मी स्वतः ढीगभर केल्या. वाळलेल्या ताटाचं वरचं सालपट दातांनी सोलून काढायचं, आतला पांढरा भेंड वेगळा ठेवायचा. भेंड मऊ, म्हणून त्यात सालपटाची काडी टोचली की खिळा मारल्यासारखी बसते. दांड्या, जू, साठा सगळं भेंडाचं. जोड सगळे सालपटाचे. चाकासाठी भेंडाच्या चकत्या. वजनाला काहीच नाही, पण माती भरून ओढली तरी मोडायची नाही, कारण काडी कुठून कुठे टोचायची ते मोठी पोरं लहानांना दाखवायची. आडवी काडी, मग तिरकी काडी; तिरकी नसेल तर चौकट लगेच कलते. पुढे अभियांत्रिकीत याच तिरक्या काडीला मोठी नावं मिळतात. ही गाडी करायला कुणी थीम दिलेली नव्हती, पण थीम समोर उभी होती: शेतातून घरी कडबा आणणारी खरी गाडी.

गावातली ही ओढ आणि शहरातलं सामान हे दोन धागे मुंबईच्या आयआयटीतल्या ई-यंत्र प्रकल्पाने जवळ आणले. प्राध्यापक कवी आर्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाची स्पर्धा 2012 सालापासून देशभरातल्या कॉलेजांत पोचली. निवडलेल्या संघांना सामान कॉलेजातच मिळतं, शिकवणं घरबसल्या होतं, आणि अंतिम फेरीला पवईला बोलावतात. ज्याला जुना बाजार लांब होता त्याच्या हातात पहिल्यांदा चांगला सेन्सर आला. ई-यंत्रच्या थीम मी दरवर्षी आवर्जून वाचतो. एका वर्षी 'तहानलेला कावळा' होता; मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणारा तोच कावळा, पण यंत्र होऊन. 2021-22 साली स्ट्रॉबेरी खोक्यांत रचणारं, तण काढणारं आणि मातीची तपासणी करणारं यंत्र अशा शेतीच्या थीम होत्या. त्या वर्षी वर्गात मी मुलांना त्या थीम वाचून दाखवल्या. स्ट्रॉबेरी कुणी पाहिली नव्हती. कावळ्याची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ होती, आणि मडक्याचं तोंड केवढं असेल यावर वाद सुरू झाला.

2022 साली दिल्लीत झालेल्या रोबोकॉनसाठी भारताने लगोरी दिली. पाच चकत्यांची लगोरी, एका संघाने चेंडू मारून फोडायची आणि पुन्हा रचायची. दुसऱ्याने त्या रचणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर ठेवलेला चेंडू उडवायचा. नियम वाचताना मला आमच्या वेशीबाहेरचं मैदान दिसत होतं. फोडणं सोपं. पाठीवर चेंडू बसायच्या भीतीत लगोरी रचणं अवघड, आणि तेच यंत्रालाही अवघड गेलं. हंडी आणि लगोरी या दोन्ही थीम देणाऱ्यांचं मी मनापासून कौतुक करतो. दोन्ही खेळ पैशाशिवाय खेळता येतात, दोन्ही कुठल्याही जातीच्या, कुठल्याही आळीतल्या मुलाच्या अंगात भिनलेले असतात.

आता शाळेकडे येतो. 2016 सालापासून नीती आयोगाच्या योजनेत शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि सहावीपासूनची मुलं आर्डुइनो हातात घेऊ लागली. ज्या शाळांना ती लॅब मिळालेली नाही त्यांच्याकडे तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे. त्याचा मुख्य विषय आणि उपविषय दिल्लीहून, एनसीईआरटीकडून ठरून येतात. विषय चांगले असतात: शाश्वत शेती, पाणी, ऊर्जा. पण ते इतके रुंद असतात की त्यात काहीही बसतं, आणि काहीही बसलं की मुलं तेच ते आणतात. ठिबक सिंचनाची प्रतिकृती, पवनचक्की, ज्वालामुखी, आणि इंजेक्शनच्या सिरिंजचा जेसीबी. सिरिंजच्या जेसीबीला मी कमी लेखत नाही. सलाईनच्या नळीत रंगीत पाणी भरून पुठ्ठ्याचा हात वर-खाली करताना मुलाला पास्कलचा नियम हाताच्या स्नायूंत कळतो.

असाच एक जेसीबी एका मुलाने शाळेत मांडला होता. त्याचे आईवडील तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात एका कारखान्यावर तोडीला गेलेले; तो आजीपाशी राहायचा. आजी प्रदर्शन बघायला आली. तिचा उमेदीचा सगळा काळ उसाच्या फडात गेलेला. नातवाने पिस्टन दाबून पुठ्ठ्याचा हात वर केला, तिने तो नीट पाहिला, आणि मला विचारलं, "गुरुजी, हे मोळी उचलीन का?"

इतका नेमका प्रश्न मला कुठल्याच नियमपुस्तकात सापडलेला नाही. बीड जिल्ह्यासारखाच आमचा पाथर्डी तालुका ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. पाऊस बेभरवशाचा, हाती येते ती रब्बीची ज्वारी, उन्हाळ्यात टँकर. म्हणून दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस तोडायचा, साळायचा, वाढ्याने मोळी बांधायची, आणि मग सगळ्यांत जीवघेणं काम: ती तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन, एका अरुंद फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची. लहानपणी मी हे रोज पाहिलं. फळी लवचीक असते. पाऊल पडलं की खाली जाते आणि परत वर येते. फळी वर येत असताना पुढचं पाऊल टाकलं तर ती आपल्याला उचलते. खाली जात असताना टाकलं तर गुडघ्यात झटका बसतो आणि मोळीसकट तोल जातो. माझी आई मान न हलवता, फळीकडे न बघता चढायची. तळपायालाच फळीचा ठेका कळायचा. बालेवाडीला त्या मुलीने झोका आपल्याकडे यायची वाट पाहिली तेव्हा मला आईचं ते पाऊल आठवलं. दोघींनी एकच प्रश्न सोडवला होता.

ऊस तोडणारं हार्वेस्टर आता आलं आहे. कोटीच्या घरातलं ते यंत्र टोळीच्या मालकीचं होणार नाही, आणि ते फडात शिरलं की कोयत्याचं काम जातं. मोळी वर चढवणारं, दोन माणसांनी ढकलत नेता येईल असं, टोळीला परवडणारं साधन ही निराळी गोष्ट आहे. ते काम काढून घेत नाही, मान आणि कंबर वाचवतं. व्हिएतनामने 2024 सालच्या रोबोकॉनला आपल्या डोंगरउतारावरची भातशेती थीम म्हणून दिली. रोपं लावायची, पीक गोळा करायचं, कणगीत भरायचं. त्यांना आपलं शेत जगापुढे ठेवावंसं वाटलं. आपण आपला फड निदान तालुक्यापुढे तरी ठेवावा.

यात एक अडचण आहे आणि ती मोठी आहे. तालुक्याची विज्ञान प्रदर्शनं साधारण डिसेंबर-जानेवारीत होतात. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे प्रदर्शनाच्या दिवशी मोळीचं वजन ज्यांना ठाऊक आहे अशी कितीतरी मुलं वर्गात नसतात. ती कारखान्याच्या तळावर कोपीत असतात, धाकट्या भावंडांना सांभाळत. हंगामी वसतिगृहांमुळे काही मागे राहतात, सगळी नाही. प्रश्न कितीही चांगला काढला तरी तो ज्यांच्या ओळखीचा आहे तीच मुलं गैरहजर असतील तर काय उपयोग?

म्हणून तालुक्यातल्या मुख्याध्यापकांना, विज्ञान शिक्षकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. शासनाचं प्रदर्शन त्याच्या वेळेला होऊ द्या. त्याशिवाय ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, टोळ्या निघायच्या आधी, एक दिवस पाथर्डीत यंत्रांची स्पर्धा भरवू या. थीम एकच: मोळी. दहा फुटांची लवणारी फळी, टोकाला तीन फुटांवर ट्रॉलीचा लाकडी हौदा, खाली ज्वारीच्या ताटांची एक किलोची मोळी. वेळ तीन मिनिटं. मोटर वायपरची चालेल, सिरिंज चालेल, दोरी-कप्पी चालेल, नुसती तरफ असली तरी चालेल. संघात तीन मुलं, आणि त्यांतलं एक ऊसतोड कामगाराच्या घरचं असलंच पाहिजे. परीक्षक म्हणून एक प्राध्यापक बोलवा आणि त्यांच्या शेजारी पंधरा-वीस हंगाम काढलेली एक बाई बसवा. बक्षिसाची रक्कम वर्गणीतून उभी राहील, पहिली वर्गणी माझी. फळी माझ्याकडे आहे. जागा आणि तारीख तुम्ही कळवा.